परब मास्तरांचा बदलीचा कायदा

परब मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली ती ते माझ्या वडिलांना आमच्याच खोलीत दरडावत असताना. तीस वर्षे साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवून वडील गिरणीतून निवृत्त झाले होते. सकाळचा भोंगा झाला की सवयीने उठत आणि जायचे कुठेच नसल्याने पुन्हा आडवे होत. वर्षभरात लालबागच्या आमच्या चाळीचे दोन जिने उतरणेही त्यांना जड जाऊ लागले. चाला-फिरा म्हणून डॉक्टर सांगून थकले. आम्ही धास्तावलो होतो.

मास्तर वडिलांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. चाळीच्या पटांगणात त्यांनी नुकताच निवृत्तांचा व्यायामवर्ग सुरू केला होता. त्या दिवशी ते वडिलांना बजावत होते,

"भोंग्याला हजर व्हायचं, तात्या. नाही जमलं तर घरातून बदली पाठवायचा!"

गिरणीत गैरहजर माणसाच्या जागी बदली कामगार उभा राहतो, तसाच हा कायदा. तब्येतीचे आमिष मास्तरांनी कधीच कुणाला दाखवले नाही. आपली जागा रिकामी राहिली तर ती कुणाला तरी जाणवते, एवढेच त्यांनी प्रत्येकाला पटवले.

दुसऱ्या दिवशी वडील उठले नाहीत. आईने पदर खोचला आणि ती खाली गेली! मास्तरांनी तिला वडिलांच्या जागी उभे करून सर्वांसारखेच हात फिरवायला लावले. गॅलऱ्या माणसांनी भरल्या. शेजारचे राणे ओरडले, "तात्यानू, बदली तुमच्यापरास बरी आसा! मास्तर तिकाच कायम करतले!"

तिसऱ्या दिवशी भोंगा थांबायच्या आत वडील कठडा धरून उतरत होते. आई मात्र जागा सोडेना. मास्तरांनी बायकांची वेगळी रांग काढली.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या. शिवाजी पार्कला चालत जायचेच, असा वडिलांनी हट्ट धरला. मास्तरांनी त्यांना महिनाभर रोज थोडे जास्त चालवले. एकदा परळला वडिलांच्या पायात गोळा आला, तेव्हा फुटपाथवर बसून मास्तर त्यांची पोटरी चोळत राहिले.

सभेच्या दिवशी मी माझ्या वर्तमानपत्राच्या कामाने वार्ताहरांत बसलो होतो. घोषणा देत पांढऱ्या केसांची एक रांग मैदानात शिरली. पुढे मास्तर, मागे घामाने निथळणारे वडील! मला पाहताच ते गरजले, "लिही रे, लालबागपासून चालत आलो!"

मराठी राज्य अजून व्हायचे आहे. ते होईल त्या दिवशी थेट गिरगावापर्यंत चालायचे, असे वर्गाने ठरवूनही टाकले आहे. पंचाहत्तरीतल्या मास्तरांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. त्या दिवशी आणि पुढची कितीतरी वर्षे ते असेच सर्वांच्या पुढे चालोत!