पांढऱ्या भिंतीवरचे तारे

घरात तिला पुट्टी म्हणत. वडील घरं रंगवणारे, आणि लहानपणी त्यांच्यामागे फिरताना भिंतीतली खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवायचं काम हिच्याकडे असे, म्हणून. कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली की ती आधी मागे वळून बघे, दुसरं कुणी आलंय की काय. पुढे ती शिकली, खगोलशास्त्राच्या संस्थेत नोकरीला लागली, आणि तिथेही नशिबाने तिच्या हातात भोकं बुजवायचंच काम दिलं.

ते असं. अवकाशात, पृथ्वीपासून पुष्कळ लांब, एक मोठी दुर्बीण आहे. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेच्या जातीचा प्रकाश ती टिपते आणि वेगवेगळ्या गाळण्यांमधून घेतलेली करडी चित्रं खाली पाठवते. एखादा तारा फारच तेजस्वी असला तर तिचं यंत्र भरून वाहतं आणि मोजायचंच सोडून देतं. मग त्या ताऱ्याच्या ऐन मध्यावर काळं भोक उमटतं. दिव्याखाली अंधार आपण ऐकलेला असतो, इथे दिव्यातच अंधार. पुट्टी ती भोकं बुजवी, प्रत्येक करड्या चित्राला एक रंग देई आणि सगळी एकावर एक बसवी. नियम एकच. सगळ्यात लांब लहरींना तांबडा, सगळ्यात आखूड लहरींना निळा, मधल्यांना मधले. हा क्रम मोडायचा नाही. कुठला तांबडा आणि किती निळा, हे तिच्या हातात. शास्त्रज्ञांची मोजमापं करड्या चित्रांवरच चालत, रंगीत चित्र लोकांनी बघायला असे.

वडिलांना हे कधीच पटलं नाही. "म्हणजे रंग दिसत नाहीत, तरी तू देतेस? आमच्या धंद्यात याला थापा म्हणतात."

"थापा नव्हेत, बाबा. क्रम खरा असतो."

"क्रम खरा आणि रंग खोटा. वा!" एवढं म्हणून ते चहाकडे वळत. आईने मध्ये पडायचं केव्हाच सोडलं होतं. दोघांनाही रंगातलं कळतं आणि बोलण्यातलं कळत नाही, असं तिचं मत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

बाबांचा अभिमान पांढऱ्या रंगात होता. लाल-हिरवा कुणीही लावील, पांढरा लावून दाखवा, असं ते म्हणत. डब्यातला पांढरा कधी पांढरा नसतो, त्याला पिवळी झाक असते. ती मारायला निळ्याचा थेंब टाकायचा, ढवळायचं, लाकडाच्या फळीवर ओढून बघायचं, पुन्हा थेंब. पिवळं मेलं की थांबायचं. कुठे थांबायचं हे डोळ्याने ठरवायचं, आणि बाबांचा डोळा गावात नावाजलेला होता. दुसरे रंगारी आपली फळी त्यांना दाखवायला आणत. बाबा बघत आणि "एक थेंब जास्त" एवढंच म्हणत. दुसऱ्याला "हे पांढरं आहे का" असं त्यांनी जन्मात विचारलं नव्हतं.

त्या वर्षी संस्थेतल्या एका बाईंचं संशोधन पुरं झालं. धुळीच्या एका अवाढव्य ढगात तारे जन्मतात, आणि साध्या दुर्बिणीला ती धूळ म्हणजे बंद दार. या दुर्बिणीने धुळीतून आरपार पाहिलं. आत नुकतेच पेटलेले तारे होतेच, पण त्यांच्यामध्ये काही इतके लहान गोळे निघाले की त्यांना तारा म्हणवेना, आणि कुणाभोवती फिरत नव्हते म्हणून ग्रहही म्हणवेना. बाई त्यांना "बिनघरची पोरं" म्हणत. पुट्टीने या ढगाचं चित्र केलं. धुळीला तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा रंग दिला, आणि त्यात ती पोरं ठिणग्यांसारखी उठून दिसली. एवढं चांगलं काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

चित्र प्रवेशदालनातल्या मोठ्या भिंतीवर लागणार होतं. भिंत रंगवायची निघाली तेव्हा पुट्टीने बाबांचं नाव पुढे केलं. बाबांनी काम जवळजवळ सोडलंच होतं. मोतीबिंदू झालाय, डोळे करून घ्या, असं डॉक्टर कधीचे सांगत होते आणि बाबा पुढच्या महिन्यावर ढकलत होते. पण या कामाला ते उठून बसले. "हे शेवटचं," ते म्हणाले. "तुझ्या खोट्या रंगांच्या मागे एक तरी खरी भिंत असू दे."

भिंत झाली. पुट्टी सकाळी दालनात आली आणि दारातच थबकली. भिंत निळी होती. आकाशासारखी नव्हे, पण कुणालाही कळावी इतकी. बाबा हात पुसत उभे होते, चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा.

"असा पांढरा कधी बघितला होतास?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. हे अक्षरशः खरं होतं.

कारण तिच्या लगेच ध्यानात आलं. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. बाबा पिवळं मरेपर्यंत थेंब टाकत राहिले होते, आणि पिवळं डब्यात नव्हतंच, डोळ्यात होतं. आपण शेकडो प्रकाशवर्षांवरचा प्रकाश गाळून बघतो आणि घरात रोज समोर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यावरची गाळणी आपल्याला दिसली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला स्वतःची लाज वाटली.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे थेंब मोजले, त्याची शेवटची भिंत चुकली हे त्याला सांगायचं कुणी? दालनातून जाणारे-येणारेही भिंतीकडे बघत आणि मूग गिळून पुढे जात.

मग तिने बाबांचीच एक युक्ती काढली. रंग एकटा नसतो, शेजारी कोण बसलंय त्यावर त्याचं ठरतं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. ती संगणकापुढे बसली आणि सगळं चित्र निळ्याकडे सरकवलं. क्रम मोडला नाही, पण तांबं गेलं. धूळ थंड झाली, ठिणग्या विझल्यासारख्या झाल्या. असं चित्र शेजारी लावल्यावर भिंत बऱ्यापैकी पांढरी दिसू लागली.

बाईंनी नवं चित्र पाहिलं. "क्रम तोच आहे ना?"

"तोच आहे."

"मग माझी हरकत नाही. पण आधीचं छान होतं गं. हे का बदललंस?"

"दालनातल्या उजेडासाठी," पुट्टी म्हणाली आणि विषय बदलला.

उद्घाटनाला बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. लोक बिनघरच्या पोरांबद्दल विचारत होते, बाई उत्तरं देत होत्या. बाबा चित्रापुढे पुष्कळ वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "या वेळी रंग बरे लागलेत तुझे."

या एका वाक्याची तिने किती वर्षं वाट पाहिली होती! आणि ते मिळालं, तर बिघडवलेल्या चित्राला. ती हसली. घरी गेल्यावर न जेवताच झोपली.

काम संपल्यावर बाबांना सबब उरली नाही. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही ब्रश घेऊन धावाल म्हणून सांगितलं नव्हतं," आई म्हणाली.

पुट्टी हसली नाही. पुढे काय येणार हे तिला दिसत होतं. बाबा घरभर फिरत होते, एक डोळा मिटून बघत, मग दुसरा मिटून बघत. उशीचा अभ्रा, साखर, भिंतीवरचा दिवा. दोन डोळ्यांना दोन घरं दिसत होती.

दोनेक दिवसांनी ती कामावर पोचली तर बाबा दालनात उभे. हाताने एक डोळा झाकत, मग दुसरा. भिंत, चित्र, पुन्हा भिंत.

"आधीचं कुठाय?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"कुठलं आधीचं?"

"पुट्टे, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. हे चित्र तू माझ्या भिंतीला जुळवलंयस. ते न कळायला मी आंधळा होतो, आता नाही."

तिने त्यांना वर नेलं आणि पहिलं चित्र पडद्यावर लावलं. बाबा नव्या डोळ्याने बघत राहिले, तांब्याची धूळ, ठिणग्या, सगळं. मग तो डोळा झाकून जुन्याने बघितलं आणि मान हलवली.

"हा तांबडा कुठून आणलास?"

"सगळ्यात लांब लहरींचा प्रकाश आहे, धुळीचा. तो डोळ्यांना दिसतच नाही, बाबा. कुठला तरी रंग द्यावाच लागतो."

"माझा डोळाही देतच होता म्हणजे. मला न विचारता." त्यांचा आवाज चढला. "भिंत बिघडली तर रंगाऱ्याला सांगायचं असतं! सांगितलं असतंस तर एका दिवसाचं काम होतं. तू तुझं चित्र नासलंस. कशासाठी?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही.

बाईंना सांगून तिने जुनं चित्र पुन्हा छापून घेतलं. बाबा डबे, ब्रश आणि आपली फळी घेऊन आले. निळं चित्र उतरवलं, तांब्याचं भिंतीशी टेकवून उभं केलं. पांढऱ्यात थेंब टाकला, ढवळलं, फळीवर ओढलं, चित्राशेजारी धरलं. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. आणि फळी तिच्यापुढे केली.

"हे पांढरं आहे का?"

पुट्टीने फळीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"नाही, बाबा. एक थेंब जास्त आहे."

बाबांनी मान डोलावली, डबा बाजूला सारला आणि नवा उघडला.