लेकीनं फ्रान्सहून आणलेली बाटली

लेकीनं फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली मी दोनदा बाहेर काढली. पहिल्यांदा दुधाला जागा नाही म्हणून, दुसऱ्यांदा काहीच कारण न सांगता. दोन्ही वेळा तिनं ती परत आत ठेवली.

ती फ्रान्सला शेतीचं पुढचं शिक्षण घेते. सुट्टीला राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटवर आली ती ही फेसाळणारी वाइन घेऊन. गेल्या हंगामात द्राक्षतोडणीला ती ज्या घरी राहिली होती, त्या घरची. म्हातारी आई, मुलगा, सून. तिघंच सगळं बघतात.

रविवारी जेवणाआधी तिनं सरबताचे तीन ग्लास मांडले.

"मला नको," मी म्हटलं.

"आई, एक घोट. त्या घरच्या आजींनी तुझ्यासाठीच दिलीय."

ह्यांचा जन्म साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलेला. त्यांनी बाटली उजेडाकडं धरली. "फेस कशानं येतो गं? गॅस भरतात व्हय?"

"न्हाय बाबा. एकदा आंबवलेली वाइन बाटलीत भरायची, थोडी साखर आणि यीस्ट घालून बंद करायची. मग ती आतच पुन्हा आंबते, आणि गॅस आत कोंडून राहतो. गाळ तोंडाशी यावा म्हणून बाटल्या उलट्या कलत्या ठेवून रोज थोड्या फिरवायच्या. आजी अजून हातानं फिरवतात. मला ताप आला तेव्हा त्याच सूप घेऊन माझ्या खोलीत यायच्या. चार दिवस."

"ताप? तू तर सर्दी म्हणालीस फोनवर."

"तू घाबरली असतीस."

मी खुर्चीत बसले. परक्या मुलखात कुणी बाई माझ्या पोरीच्या उशाशी बसली होती, आणि मला पत्ताच नव्हता. रागावणार होते, पण तोंडून दुसरंच आलं.

"तुझा मामा काविळीनं गेला नाही. दारूनं गेला."

ह्यांनी बाटली खाली ठेवली. हे त्यांना माहीत होतं, लेकीला नव्हतं. मामा गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. शेवटची दोन वर्षं तो आमच्याकडं राहायला यायचा तेव्हा दारातून आधी वास यायचा, मग तो. त्याचे कपडे मी दोन-दोनदा धुतलेत, तरी तो वास जायचा नाही. सगळं सांगून झालं तेव्हा लेकीनं ग्लास उचलून ओट्यावर नेले.

"राहू दे आई. मी आजींना काहीतरी सांगेन."

"खोटं सांगू नकोस आता," मी म्हटलं. "उघड."

बूच निघालं तेव्हा मी दचकले. ग्लास आधी नाकाशी नेला. पण तो वास त्यात नव्हता. भिजवून ठेवलेल्या पिठासारखं काहीतरी, आणि हिरव्या सफरचंदासारखं. घोट घेतला तर जिभेला टोचलं. आंबट, कोरडं.

"मला वाटलं गोड असेल."

"साखर यीस्टनं खाल्ली की सगळी," हे म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

अर्धा ग्लास घेतला. चांगली होती, हे मान्य करायला हवं. पुन्हा घ्यावीशी मात्र वाटली नाही. उरलेली ह्यांनी संपवली.

मग लेकीनं विचारलं, "मामा आधी कसा होता?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी कॉलेजच्या हॉस्टेलवर असताना तो आमच्या गावाहून, नेसरीहून एसटीनं यायचा, दारातच उभा राहायचा, "बरी हाईस न्हवं?" एवढंच विचारून परत जायचा. हे सांगताना आमटी गार झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नेसरीला गेलो. भाऊ गेल्यापासून मी कारणापुरतीच तिकडं जात होते. वहिनी अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. लेकीला त्यांनी आधी ओळखलंच नाही. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "डोळं बघा की, मामाचंच हाईत."