पाच नंबरच्या बुटात धान

माझा पाय सात नंबरचा आहे. हे मी आता कुणालाही सांगते, विचारलं नसलं तरी सांगते. कारण गोंदियातल्या एका पळणाऱ्या ग्रुपनं मला पाच नंबरचे बूट भेट दिले, आणि ‘एकदम बरोबर बसले’ असं सांगत मी तीन आठवडे लंगडत होते.

मी मंगळवेढ्याकडची, ज्वारीच्या काळ्या रानातली. शाळा सातवीत सुटली. नवरा इथल्या एका तांदळाच्या गिरणीत बॉयलरवर लागला, म्हणून महाराष्ट्राच्या या टोकाची माती पायाला लागली. खोली गोंदियाला लागूनच, मुर्रीत. मी त्याच गिरणीत भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवते. सहाचा भोंगा व्हायच्या आत फाटकात नसलं तर दिवस भरत नाही, म्हणून रोज पहाटे डबा हातात धरून पळायची. त्याला मी पळणं म्हणत नव्हते, उशीर म्हणत होते.

तो ग्रुप मला त्याच रस्त्यावर भेटायचा. पळायला गाडीत बसून यायचे, इथूनच गंमत सुरू. गाड्या लावल्या की वीस मिनिटं नुसता साज चढायचा. गुडघ्याला पट्टे, दंडाला मोबाइलची पिशवी, कमरेला लहान लहान बाटल्या, मनगटावर छाती किती धडधडते ते सांगणारं घड्याळ. मग फोटो. मग एकजण सगळ्यांना गोल उभं करून जिद्दीवर बोलायचा. एवढं झाल्यावर जे पळणं व्हायचं, ते मी चपलेवर, साडी खोचून, मागे टाकून जायची.

ग्रुपचे कॅप्टन म्हणजे टाइल्सच्या दुकानाचे मालक. एकदा त्यांनीच मला थांबवलं. “दीदी, आप तो गजब दौड़ती हो! आपका मोटिव्हेशन क्या है?”

“भोंगा,” मी म्हणाले.

सगळे खूप हसले. मी विनोद केला नव्हता.

मग मला ग्रुपमध्ये घेतलं. मोबाइलवर रोज पहाटे चार वाजता उगवत्या सूर्याची चित्रं येऊ लागली, खाली इंग्रजीत काहीतरी. मला अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही, पण मी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवायची. न पाठवलं तर काढून टाकतील अशी धास्ती. कारण मधल्या काळात मला कळलं होतं, जानेवारीत मोठ्या शहरात बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन आहे. त्याआधी ग्रुपची तीस किलोमीटरची चाचणी. चार तासांत, नियमाचे बूट घालून जो पुरी करेल, त्याची फी ग्रुप भरणार आणि गाडीतून घेऊन जाणार. मला ते बेचाळीस किलोमीटर हवे होते. सातवीनंतर काहीतरी शेवटपर्यंत पुरं कर, असं मला कुणी म्हणालंच नव्हतं.

बुटांचा समारंभ झाला. हॉल, बॅनर, रिबीन बांधलेला खोका. माझा नंबर कुणी विचारला नव्हता. “लेडीज का पाँच ही होता है,” असं कॅप्टन बुटांच्या दुकानात म्हणाले होते, हे मला मागाहून कळलं. टाळ्यांत मी पाय आत कोंबला. बोटं आत मुडपून बसली.

“फिट है ना, दीदी?”

“एकदम बरोबर बसले, सर.”

या वाक्याची मला अजून चीड येते. पण मी ते म्हणाले. पुढंही तीनदा म्हणाले. परक्या गावात कुणी काही दिलं की माझी मान आधी वाकते, पाय किती दुखतोय ते नंतर कळतं.

दोन आठवड्यांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. चाचणीला चार दिवस उरले, तेव्हा मला वडिलांची युक्ती आठवली. कातडी जोडा आवळला की ते त्यात भिजलेला हरभरा भरून ठेवायचे. दाणा फुगतो, जोडा सैल होतो. हरभरा विकत आणावा लागला असता. गिरणीत झाडलोटीचं धान मात्र ढिगानं पडलेलं. मी ते भिजवलं, दोन्ही बूट गच्च भरले, वरून पाणी मारलं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधले आणि लवकर फुगावं म्हणून बॉयलरच्या उबदार भिंतीला लावून ठेवले. तेवढ्यात गिरणीत माल भरायला ट्रक लागले. दोन दिवस दुप्पट ड्यूटी. बूट डोक्यातून गेले.

शनिवारी सकाळी पिशवी सोडली. बुटांतून पांढरे कोंब वर आले होते. मुळ्या जाळीच्या कापडातून बाहेर. उष्णतेनं तळाचा डिंक सुटला होता आणि वास आंबलेल्या कण्यांचा.

भिजलेला दाणा उगवतो हे मला काय ठाऊक नव्हतं? शेतकऱ्याची पोर मी. पण वर्षभर धान पोत्यात बघून बघून ते जिवंत असतं हेच विसरले होते. गिरणीत धान म्हणजे माल. एवढी अक्कल.

मी तिथंच बसून रडायला लागले. आमच्या शिवणाऱ्या बायकांची मुकादम, सगळे तिला मावशी म्हणतात, अर्जुनी मोरगावकडची, तिनं येऊन बघितलं.

“काऊन वो, पऱ्हे टाकले का जोड्यात?” ती म्हणाली. पऱ्हे म्हणजे रोवणीआधीची धानाची रोपं. “रोवणी कवा हाये मंग?”

बाकीच्या बायका पोटं धरून हसल्या. एक म्हणाली, “एका पायात बारीक धान, एका पायात जाडा, असा टाकाचा होता ना वो!”

“मावशी, उद्या चाचणी आहे.”

“त मंग रडून कायले राहिली? आण इकडं.” तिनं बूट उलटा करून बघितला, मग माझ्या पायाशी धरला. तिचं हसू गेलं. “हा तुह्या पायाचा हायेच नाही. सांगतलं काऊन नाही त्याईले?”

“दिलेत त्यांनी. कसं सांगायचं?”

“तोंडानं,” मावशी म्हणाली.

तिनं ब्लेडनं दोन्ही बुटांची नाकं कापून टाकली. मुळ्या खरवडल्या. धुऊन उन्हात वाळवले. मग पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन तळ वरच्या कापडाला चहूबाजूंनी शिवला, पोत्याचं तोंड शिवतात तसाच. आत बारदान्याचा तुकडा. आणि उरलेली सुतळी माझ्या कमरेला खोचली. पाय घातले. दहाची दहा बोटं बाहेर, मोकळी.

रविवारी सकाळी कॅप्टन माझ्या पायांकडे बघतच राहिले. “दीदी, ये क्या कर डाला?”

मान वाकायला लागली. पण म्हणाले. “लहान होते, सर.”

“कब से?”

“हॉलमध्ये घातले तेव्हापासून.”

“अरे, बताना था ना!” मग त्यांना नियम आठवला. “ऐसे शूज़ में कैसे दौड़ने दूँ? रूल है.”

“तळ आहे, नाडी आहे, पाय आत आहे. रूलमध्ये अजून काय असतं?”

ग्रुपमधल्या एक शिक्षिका मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, “पळू द्या हो तिला, नाहीतर तुम्ही घाला ते पाच नंबर.” कॅप्टनांनी हात हलवला. मागून गाडी येणार होतीच, जो रेंगाळेल त्याला उचलायला.

गोरेगावच्या रस्त्यानं पंधरा जायचं, पंधरा यायचं. विसाव्या किलोमीटरपर्यंत छाती मोजणारी तीन घड्याळं गाडीत जाऊन बसली होती. जिद्दीवर बोलणारा त्यांच्या आधीच बसला होता. चोविसाव्याला माझ्या डाव्या बुटाची सुतळी तुटली, तळ फटफट वाजू लागला. मी रस्त्याच्या कडेला, कापलेल्या धानाच्या बांधीशेजारी बसले आणि कमरेची सुतळी बुटाला तीन वेढे घालून आवळली. गाडी हळू झाली. काच खाली आली. “दीदी, बैठ जाओ.” मी उठले आणि पळाले.

चार तासांना सात मिनिटं कमी असताना मी पोचले. बोटांतून रक्त येत होतं, पण ते दगडांनी. बुटांनी नाही.

ग्रुपच्या फोटोत मला मागच्या रांगेत उभं केलं, पाय दिसू नयेत म्हणून. उभी राहिले. मग कॅप्टनांनी मॅरेथॉनचा फॉर्म आणला, त्यांच्याच हातानं भरलेला, मी फक्त सही करायची. मी बोट ठेवत ठेवत सगळा वाचला, त्यांना घाई होती तरी. टी-शर्टच्या रकान्यात लेडीज एस लिहिलं होतं.

“सर, हे खोडा,” मी म्हणाले. “एल लिहा.”