एक वाटी मीठ म्हणजे किती?

पिंप्राळ्याच्या झुंबरबाईंनी बावीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली. भिंतीवरच्या तक्त्यात सगळं ग्रॅममध्ये लिहिलेलं, आणि काटा मात्र त्यांच्या हाती कधी आला नाही. बाईंनी तांदळाला डबा धरला, मिठाला आपली चेमटलेली पितळी वाटी. खिचडी एकदाही बिघडली नाही. ग्रॅम फक्त कागदावर असतात, हे त्यांचं मत तेव्हापासूनचं.

तीच वाटी पिशवीत घालून त्या मार्चात धुळ्याला मुलीकडे, शिल्पाकडे आल्या. शिल्पाच्या बचत गटाचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आपल्या दुकानात ठेवायला सज्जनबाई तयार होत्या. अट एकच.

"आईंच्या हातचा नमुना लागला, तस्साच तुमचा लागला पाहिजे. रविवारी चाखून बघते. जमलं तर दर महिन्याला माल घेईन, नाहीतर विषय संपला. आणि लसूण नको हं!"

शिल्पाने नवा काटा ओट्यावर मांडला, वही उघडली. "माय, तू माप सांग, मी वजन लिहिते. मीठ किती?"

"एक वाटी. सपाट."

झुंबरबाई मागच्या दारी मिरच्या कुटायला बसल्या. शिल्पाने त्यांच्याच वाटीने मीठ घेतलं, तोललं, वाटीचं वजन वजा करून लिहिलं: एकशे नव्वद ग्रॅम.

सहा डबे पीठ शिजून घाटा तयार झाला. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून पहिली ताटली मायला. झुंबरबाईंनी एक घास घेतला आणि डोळे घट्ट मिटले.

"पोरी, हाऊ घाटा शे का समुद्र शे?"

"तुझ्याच वाटीने घातलंय!"

"मनी वाटी खोटं बोलस नही. मीठ दखाड."

शिल्पाने बरणी पुढे केली. आत पांढरंशुभ्र बारीक मीठ. झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला. जन्मभर त्यांनी खडेमीठ वापरलं होतं. खड्यांच्या मध्ये मोकळी जागा राहते. बारीक मीठ ती सगळी भरून काढतं. शेजारून खडेमीठ मागून आणलं, वाटी सपाट भरली, काट्यावर ठेवली. पुन्हा वाटीचं वजन वजा करून एकशे चाळीस.

"म्हणजे पन्नास जास्त पडलं," शिल्पा रडवेली झाली. "आता रविवार गेलाच."

"जास काय? पीठ शे ना अजून? बिनमिठाचा घाटा कर आणि यात मिसळ. दोन डबे."

शिल्पाने कॅल्क्युलेटर काढलं. "दोन पूर्णांक चौदा येतंय."

"ते चौदा कशाले?"

"हिशोबाला."

"मग वर दोन मुठी टाक. हिशोबाची समजूत काढ."

संध्याकाळपर्यंत गच्चीवर बिबडे पसरले. उन्हात दोन दिवसांत कडकडीत वाळले.

रविवारी सज्जनबाईंनी भाजलेला बिबडा मोडला, चावला, पुन्हा मोडला. गटातल्या बायका पुढे सरकल्या.

"तस्साच आहे," त्या म्हणाल्या. "पण दर खेपेला असाच कसा लागेल? मीठ किती घालता?"

शिल्पाने वहीकडे हात नेला. त्याआधीच झुंबरबाईंनी पदर सावरला.

"सहा डब्यांना एकशे चाळीस ग्रॅम. मग खडं असो नाहीतर बारीक."

सज्जनबाईंनी पहिली मागणी सांगितली. शिल्पा मात्र अजून मायकडेच बघत होती.