मंडळाचा कॉम्प्युटर

पहिला गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे सत्तर हजार रुपये होते. बातम्यांच्या एका वेबसाइटच्या डेस्कवर काम करून ते बाजूला काढले होते. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत जागाही ठरली होती, माळ्याच्या शिडीखाली, जिथे आईचं शिलाई मशीन असायचं. मशीन आईनेच विकलं होतं, त्यामुळे त्यावरून वाद नव्हता.

लॅमिंग्टन रोडवरून कोटेशन आणली. दुकानदार प्रोसेसरपासून सुरुवात करायचे, मी ग्राफिक्स कार्डापासून. गेममधलं चित्र न अडखळता पडद्यावर पळवायचं काम हे कार्ड करतं. ते नसेल तर उरतो तो ऑफिसातला कॉम्प्युटर, आणि तसा मी रोज आठ तास वापरत होते. म्हणून काटछाट केली ती बाकी सगळ्यात. कॅबिनेट आणि कीबोर्ड बिनदिव्यांचे. खुर्ची घरातली, प्लास्टिकची. हेडफोन मात्र चांगला, कारण एका खोलीत आम्ही तिघं राहतो आणि गोळीबार आईला ऐकवून चालणार नव्हतं.

मग रॅमचे भाव चढले. पंधरा हजार कमी पडायला लागले. काही महिने थांबू, असं मी जेवताना म्हटलं.

बाबा आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे सचिव आहेत. कोकणातल्या एका वाडीची मुंबईत राहणारी माणसं, महिन्याची वर्गणी, त्यातून देवळाचा पत्रा, शाळेच्या वह्या, कुणाचं आजारपण. सभा लालबागला, गावकीच्या, म्हणजे गावाने मिळून घेतलेल्या खोलीत. पुढच्या आठवड्यात बाबांनी माझ्यासमोर पाकीट ठेवलं.

"घे. कार्ड आण तुझं."

"कुठून आणले?"

"मंडळाने दिले. उसने नाहीत, असेच."

पाकीट मी घेतलं. दोन दिवसांनी मंडळाचे खजिनदार काका जिन्यात भेटले. "काय बाय, आपला कॉम्प्युटर कधी येतोय?"

आपला. मी घरी येऊन विचारलं, तेव्हा बाबांनी सभेत झालेला ठराव सांगितला. कॉम्प्युटर आमच्या खोलीत राहील. दर रविवारी त्यावर मंडळाचं काम होईल: पावत्या, अहवाल, देवळाच्या कार्यक्रमाची पत्रिका.

"रविवारीच माझी सुट्टी असते."

"दोन-तीन तासांचं तर काम. तूच करून टाकशील."

"म्हणजे सत्तर हजार माझे, आणि टायपिस्ट पण मीच?"

"माणसांनी विश्वासाने दिले गो."

"मी मागितले होते?"

आई ओट्यापासून म्हणाली, "गेम खेळायला कोण पैसे देतंय? ह्यांनी तिकडे सांगितलंय, पोरगी पेपरचं काम घरून करणार."

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "एवढ्या मोठ्या मुलीला गेम खेळायचाय, हे चारचौघांत सांगायचं कसं?"

माझा राग तिथून सुरू झाला आणि अजून गेलेला नाही. पैशांचा राग नव्हता. मला काय हवं होतं ते सांगायची त्यांना लाज वाटली, आणि ती लाज झाकायला त्यांनी माझा रविवार देऊन टाकला होता.

पुढच्या सभेला मी गेले. सतरंजीवर पंधरा-वीस पुरुष होते, चहा चालू होता. मी पाकीट अध्यक्षांसमोर ठेवलं. "हे परत. कॉम्प्युटर मी गेम खेळायला घेतेय. मंडळाचं काम त्यावर होणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "गेम म्हणजे पोरं मोबाइलवर खेळतात तो? मग हिच्या मोबाइलला काय झालं?" खोली हसली. बाबा हसले नाहीत.

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "दिलेलं मंडळ परत घेत नाही, बाय. तशी पद्धत नाही."

"आणि पावती कशाची फाडू मी?" खजिनदारांनी पावतीपुस्तक वर धरलं. "यात वर्गणी आहे, देणगी आहे. परत आलेले पैसे नाहीत."

थोडी कुजबुज झाली आणि तोडगा निघाला. देणगी. "परतफेड लिहा," मी म्हटलं. "तेच ते गो," खजिनदार म्हणाले आणि पावती फाडली. अध्यक्षांनी माझं नाव मोठ्याने वाचलं. मंडळाला पंधरा हजारांची देणगी देणारी वाडीतली पहिली मुलगी. टाळ्या वाजल्या, हातात नारळ आला. त्यांचेच पैसे त्यांना परत करून मी दानशूर ठरले होते, आणि मी जे बोलले होते ते कुणीही कुठेही लिहून घेतलं नव्हतं. निघताना अध्यक्ष म्हणाले, "कॉम्प्युटरचं बघू मग. आपलीच पोरगी आहे."

महिनाभर थांबले असते तर रॅम आणखी महाग झाली असती. माझ्या सत्तर हजारांत बसेल तेवढा कॉम्प्युटर घेतला, कार्ड सोडून. दुकानदाराने बिल करताना विचारलं, "कार्ड नहीं? फिर गेमिंग कैसे होगा, मॅडम?" मी पैसे मोजून दिले.

पहिल्याच रविवारी सकाळी खजिनदार काका वार्षिक अहवालाची हाताने लिहिलेली पानं घेऊन दारात उभे राहिले. आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी पानं कीबोर्डवर ठेवली. मी ती उचलून त्यांच्या हातात परत दिली.

"नाही काका."

"अगं, आठ पानं आहेत फक्त."

"मी सभेत सांगितलं होतं."

काका बाबांकडे बघत राहिले. बाबांनी पानं त्यांच्याकडून घेतली, घडी केली, खिशात ठेवली. काका गेल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्यावर तुझा गेम पण चालत नाही. मग रविवारचं करणार काय त्याचं?"

"बंद ठेवणार," मी म्हटलं.