तबकातले बिल्ले
झेंडूच्या वासात ग्रीसचा वास मिसळला की मला धायरीचं ते गोदाम आठवतं, जिथं मी सुपरवायझर होतो. आयटी कंपन्यांच्या खुर्च्या-टेबलं आमच्याकडून जायची आणि त्यांना घाई अशी, की जणू तोवर सगळे उभ्यानंच काम करत होते. बॅटरीवरची फोर्कलिफ्ट आवाज न करता यायची. ती जवळ आली की हमालांच्या कमरेला लावलेला सेन्सरचा बिल्ला ओरडायचा. त्या भरवशावर मागं वळून बघायची सवयच सुटली होती. खंडेनवमीला आम्ही फोर्कलिफ्टला हार घातला, बिल्ले तबकात मांडून हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही रीत. तेवढ्यात ट्रक आला. "गाडी काढा, बिल्ले राहू द्या तसेच," मी म्हणालो. फोर्कलिफ्ट हलताच तबकातले सगळे बिल्ले एकदम किंचाळले. माझं डोकं आधीच उठलं होतं. मी ते एकेक करून बंद केले. विदर्भातून आलेला एक हमाल खोका धरून पाठमोरा चालला होता. रिव्हर्स येणाऱ्या फोर्कलिफ्टचं चाक त्याच्या पावलावरून गेलं. रिक्षात बसवताना तोच मला समजावत होता, "वाजलंच नाही ना जी, साहेब." जणू चूक त्याची. आता खंडेनवमीला मी स्कूटरला हार घालतो आणि कामाला बसनं जातो. "अहो, एवढं कोण पाळतं हल्ली?" बायको दरवर्षी विचारते. त्या दिवशी रीत मी फक्त बिल्ल्यांपुरती पाळली होती.