आमचे साडू आणि जगाच्या हिरड्या

माणसांच्या तोंडात आमच्या साडूंइतकं मन लावून डोकावलेला माणूस साऱ्या सांगली-साताऱ्यात सापडायचा नाही. सांगलीच्या एका दंत महाविद्यालयात ते शिकवतात आणि हिरड्यांच्या आजारावर संशोधन करतात. समोरचा हसला, की हे त्याच्या हिरड्या सुजल्यात का ते बघतात. कुंडलच्या एका लग्नात नवरीच्या मामांनी हसून स्वागत केलं, तर नमस्काराआधी यांनी विचारलं, "डाव्या बाजूला रक्त येतंय ना?" येत होतं. मामा लग्नभर तोंडाला रुमाल लावून वावरले. महाबळेश्वरला आम्ही स्ट्रॉबेरी खात होतो, तर यांची तक्रार अशी, की या फळावर रक्त लागलेलं ओळखू येत नाही, पेरूच बरा.

त्यांचा खरा जीव मात्र एका जातीच्या आरएनएवर. काही आरएनए पेशीला प्रथिनं बनवायचा निरोप देतात. साडूंचे हे आरएनए स्वतः असा निरोप नेत नाहीत, पण कुठला पोचू द्यायचा नि कुठला अडवायचा, ते ठरवतात. त्यांचा तोल गेला, की जंतूंशी लढायला आलेली सूज हटत नाही आणि दाताभोवतीचं हाडच झिजवते. हे ऐकून सासूबाई निवृत्त सुभेदार सासऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "सवता काय करायचं न्हाई, नुसतं हुकूम सोडायचं. वळखीचं वाटतंय."

मागच्या उन्हाळ्यात नमुने घ्यायला साडू जतकडच्या एका गावी गेले. गाडी मी चालवली. मेंढरं राखणाऱ्या एका आजींनी त्यांचं सारं व्याख्यान शांतपणे ऐकलं, हिरडीतला द्राव कागदाच्या पट्टीवर घेऊ दिला आणि विचारलं, "आवं डाक्टर, माजं दात ऱ्हात्यात का न्हाई, तेवढं सांगा. भाकरी चावाय पायजे."

साडू पहिल्यांदाच अडखळले. "आजी, या नमुन्यावरनं ते अजून सांगता येत नाही."

मग आजींना बाजेवर बसवून त्यांनी हिरड्या साफ केल्या, मिश्री सोडायचं वचन घेतलं. पुढे चार महिने दर पंधरवड्याला ते एसटीनं तिकडे जात राहिले. आजींचे दोन दात गेले, बाकीचे टिकले.

परवा मी विचारलं, "आजींच्या नमुन्यात काय निघालं?"

"काही नाही. वाटेत डब्यातला बर्फ वितळला, नमुना उन्हानं खराब झाला. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मग एवढ्या खेपा कशाला घातल्या?"

ते म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय, पण 'माझे दात राहतील का', एवढं साधं मला कुणी विचारलंच नव्हतं रे."